पातेऱ्याखालचा भुंगेरा : एका नव्या प्रजातीचं वर्णन

अमेरिकेच्या आग्नेय भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी पर्वत आहे. तिथल्या जंगलात पडलेल्या पानांचा थर बाजूला करून खालची ओली, काळी माती चाळली, की कधी कधी एक तांबूस पिंगट भुंगेरा हाती लागतो. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तिळाच्या दाण्याहूनही कमी. त्याला डोळे नाहीत आणि उडायचे पंखही नाहीत. शास्त्रात या गटाचं नाव ॲनिलायनस. पुढच्या पानांत या गटाची ओळख आहेच, पण पुस्तकाचा खरा भर एका कामावर आहे. आजवर कुणीच नोंदवली नाही अशी प्रजाती समोर आली तर तिचं वर्णन कसं करतात, ते काम कुठून सुरू होतं, कुठे अडतं आणि केव्हा पुरं झालं असं म्हणता येतं, हे इथे सविस्तर सांगितलं आहे.

मराठी वाचकाला नव्या प्रजातींच्या बातम्यांचं आता अप्रूप राहिलेलं नाही. सह्याद्रीतली पाल, गोड्या पाण्यातला खेकडा, एखादा कोळी, असं काही ना काही वर्तमानपत्रात येतच असतं. बातमीत फोटो असतो, नाव असतं, ठिकाण असतं, संशोधकांचं अभिनंदन असतं. मधला सगळा भाग मात्र गळून गेलेला असतो. वाचणाऱ्याचा समज असा होतो, की कुणी जंगलात गेलं, दगड उलटला आणि खाली नवी प्रजाती बसलेली होती. जंगलात सापडतो तो एक किडा. तो नव्या प्रजातीचा आहे हे ठरतं नंतर, टेबलाशी बसून, पुष्कळदा काही वर्षांनी आणि कधी कधी तो गोळा करणाऱ्याच्या हयातीनंतर. या मधल्या कामाविषयी मराठीत निगुतीनं लिहिलं जावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आधी कुळाविषयी. कॅराबिडी हे भुंगेऱ्यांचं मोठं कुळ. जगभरात त्याच्या सुमारे ४०,००० प्रजातींची नोंद झाली आहे. यातले बहुतेक जमिनीवर राहणारे, रात्री हिंडणारे, चपळ पायांचे आणि शिकार करून खाणारे. दख्खनच्या माळावर पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा काळाकुळकुळीत भुंगेरा अनेकांनी पाहिला असेल. डिवचला तर तो मागून आम्लाची पिचकारी मारतो. तो याच कुळातला. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसनं १७७५ सालीच त्याला नाव दिलं, कारण इतका मोठा, उठून दिसणारा किडा नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. पुढची अडीचशे वर्षं या कुळाचा अभ्यास साधारण याच क्रमानं झाला. मोठे आधी, रंगीत आधी, दिव्यावर येणारे आधी. न उडणारे, मातीच्या रंगाचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सगळ्यात शेवटी.

ॲनिलायनस हे नाव थॉमस केसी यांनी १९१८ साली दिलं. केसी लष्करातले इंजिनिअर. उत्तर अमेरिकेतल्या हजारो भुंगेऱ्यांना त्यांनी नावं दिली. त्यांतली बरीच पुढे बाद झाली, कारण एकाच प्रजातीतले किरकोळ फरक त्यांनी वेगळ्या प्रजाती म्हणून नोंदवले होते. पण त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेला आहे, आणि म्हणूनच त्यांचं प्रत्येक विधान आजही तपासता येतं. वर्गीकरणाच्या कामात याला फार किंमत आहे. नमुना शिल्लक असला, की चूक दुरुस्त होऊ शकते.

२००४ साली इगोर सोकोलोव्ह, क्रिस्टोफर कार्लटन आणि जे. एफ. कॉर्नेल यांनी ॲनिलायनसचा नव्यानं आढावा घेतला. माती आणि पाचोळ्यात राहणाऱ्या प्रजाती ओळखण्याची किल्ली त्यांनी दिली आणि एकाच लेखात १७ नव्या प्रजातींचं वर्णन केलं. हा प्रदेश काही दुर्गम, अनोळखी नव्हे. स्मोकी पर्वताला १९३४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि अमेरिकेत सर्वाधिक लोक भेट देतात ते हेच उद्यान. १९९८ साली तिथे एकूण एक सजीवांची मोजदाद करण्याचं काम हाती घेण्यात आलं, आणि विज्ञानाला पूर्णपणे नव्या अशा हजाराहून अधिक प्रजाती त्यातून पुढे आल्या. दरवर्षी लाखो माणसं ज्या पायवाटांवरून चालतात, त्यांच्या कडेचा पाचोळा कुणी नीट पाहिलाच नव्हता.

एवढ्या प्रजाती एकाच पर्वतरांगेत कशा झाल्या, याचं उत्तर भुंगेऱ्याच्या शरीरात आणि डोंगरांच्या इतिहासात मिळून आहे. हिमयुगात उत्तर अमेरिकेवर पसरलेली बर्फाची चादर, स्मोकी पर्वत ज्या रांगेत येतो त्या दक्षिण ॲपलेचियनपर्यंत पोहोचली नाही. त्यामुळे इथलं जंगल आणि जंगलातली माती पुसली न जाता टिकून राहिली. हवा थंड आणि ओली झाली की गार जंगल दऱ्यांत उतरायचं आणि भुंगेऱ्यांना एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायला वाट मिळायची. हवा तापली की तेच जंगल वर सरकायचं आणि खालची दरी कोरडी, उबदार होऊन वाट बंद व्हायची. पंख असलेल्या किड्याला अशी दरी म्हणजे काहीच नाही. दोन मिलिमीटरच्या, आंधळ्या, ओल सुटली की मरणाऱ्या भुंगेऱ्याला मात्र ती ओलांडता येत नाही. डोंगराडोंगरावर अडकून पडलेले हे समूह पिढ्यान् पिढ्या वेगळे होत गेले. केंटकीतले थॉमस बार यांनी याच कुळातल्या ट्रेकस या दुसऱ्या गटाचा ॲपलेचियनच्या उंच शिखरांवर अभ्यास केला. तिथेही हेच चित्र दिसलं. शिखर बदललं की प्रजाती बदलते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुस्तकातला हा भाग मला सर्वात जास्त आवडला.

भुंगेरा हातानं वेचून मिळत नाही. पाचोळा आणि त्याखालची कुजकी माती आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून कापडी पिशवीत चाळून घेतात, म्हणजे मोठी पानं आणि काटक्या वर राहतात. खाली उरलेला चुरा घरी आणून एका नरसाळ्यात जाळीवर पसरतात. इटलीच्या अंतोनिओ बेर्लेझेनं १९०५ साली ही युक्ती काढली. त्यानं उष्णतेसाठी गरम पाणी वापरलं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेननं विजेचा दिवा आणला. चुरा वरून हळूहळू सुकत जातो. ओल शोधत सगळे बारीक जीव खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्याच्या तोंडाशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. घाई केली, दिवा जास्त तापवला, तर ते वाटेतच वाळून मरतात आणि बाटली रिकामी राहते. वीज नसेल तिथे हाच चुरा जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी खोळीत टांगतात आणि दोन-तीन दिवस वाट पाहतात.

खरी परीक्षा पुढे आहे. बाटलीत माती, कोळी, गोगलगायी, मुंग्या आणि शेकडो माइट्स यांच्या गर्दीत दोन-चार पिंगट ठिपके सापडतात. सगळे एकसारखे दिसतात. डोळे गेले, पंख गेले, रंग गेला. अंधारात राहणाऱ्या या सगळ्या भुंगेऱ्यांचं शरीर एकाच वळणावर गेलेलं असतं. छातीच्या ढालीची रुंदी, पंखकवचांवरच्या लांब केसांची ठरलेली जागा, त्वचेवरची जाळीदार नक्षी यांवरून गट ओळखता येतो. प्रजाती ठरवायला मात्र नराचं जननांग पाहावं लागतं.

हे कसं करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. वाळलेला भुंगेरा आधी गरम पाण्यात ठेवून मऊ करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका सुईनं त्याला धरून दुसऱ्या बारीक सुईनं पोटाचा भाग अलगद सोडवतात. आतला स्नायू आणि चरबी जावी म्हणून तो तुकडा कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवतात, धुतात आणि ग्लिसरीनच्या थेंबात घेतात. तेव्हा ती कमानदार, पारदर्शक नळी दिसू लागते. तिचं टोक सरळ आहे की वाकडं, आतल्या पिशवीत कठीण पट्ट्या किती आणि कशा वळलेल्या, हे सगळं तिथे वाचता येतं. मग थेंबात ती बाजूला वळवायची, पुन्हा पाहायची आणि चित्र काढायचं. काम झालं की तो अवयव टाकून देत नाहीत. ग्लिसरीन भरलेल्या अगदी लहान नळीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला टोचून ठेवतात. भुंगेरा स्वतः कागदाच्या टोकदार त्रिकोणावर डिंकाच्या कणानं चिकटवलेला असतो, कारण त्याच्यातून टाचणी जाणंच शक्य नाही.

अशा भुंगेऱ्यांत या पद्धतीचा पाया फ्रान्सच्या रेने जॅनेल यांनी घातला. ट्रेकिनी गटावरचे त्यांचे मोठे ग्रंथ १९२६ ते १९३० या काळात निघाले. जमिनीतल्या आंधळ्या भुंगेऱ्यांवर त्यांनी १९३७ साली आणि पुन्हा १९६३ साली लिहिलं. बाहेरून एकसारखे दिसणारे किडे आतून किती वेगळे असू शकतात, हे या गटात त्यांनी दाखवून दिलं. मादीवरून ॲनिलायनसची प्रजाती ओळखणं बहुतेकदा फार कठीण असतं. म्हणून माझं मत असं, की फक्त माद्या हाती असतील तर अशा गटात नवं नाव द्यायची घाई करू नये. एकच नर असला तरी चालेल, पण नर हवा.

डीएनएमुळे हे सगळं मागे पडलं का? नाही. माइटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला, तर दोन डोंगरांवरचे समूह किती दूर गेले आहेत हे लवकर समजतं, आणि नर व मादी एकाच प्रजातीचे आहेत का तेही कळतं. हा मोठाच फायदा आहे. पण शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या नमुन्याशी तुलना करायची तर शेवटी तो नमुना आणि त्याचा आकारच पाहावा लागतो. दोन्ही पुरावे एकत्र असावेत. नुसत्या अक्षरांच्या माळेवर नाव देणारं वर्णन मला अपुरं वाटतं.

नाव देण्याचे नियम आहेत आणि ते सगळ्या जगाला लागू आहेत. लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, तिथून प्राण्यांच्या नावांची मोजणी सुरू होते. १८९५ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय आयोग या नियमांची संहिता सांभाळतो. सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नव्या प्रजातीच्या वर्णनात एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा आधारभूत नमुना, म्हणून स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे सांगावं लागतं. ही प्रजाती इतरांपासून कशी वेगळी, हेही शब्दांत मांडावं लागतं. २०१२ पासून नुसतं ऑनलाइन प्रसिद्ध झालेलं वर्णनही काही अटींवर ग्राह्य धरलं जातं.

या वर्णनातल्या दोन भागांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. एक म्हणजे निदान. सगळ्या शरीराचं लांबलचक वर्णन बाजूला ठेवून, जवळच्या नातेवाइकांपासून ही प्रजाती नेमकी कशानं वेगळी, हे त्यात थोडक्यात सांगितलेलं असतं. चांगला लेखक इथे ओळखू येतो. नातेवाईक कोण हे त्याला माहीत असतं, आणि ते माहीत असायला त्यानं सगळे जुने नमुने स्वतः पाहिलेले असतात. दुसरा भाग म्हणजे होलोटाइपवरच्या चिठ्ठ्या. त्यांवरचा मजकूर ओळ कुठे तुटते यासकट जसाच्या तसा उतरवतात. राज्य, तालुक्यासारखा विभाग, डोंगर, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि पद्धत. होलोटाइपला बहुधा लाल चिठ्ठी लावतात. संग्रहाची पेटी उघडली की ती आधी दिसते.

नावाबद्दल पुस्तकात एक सुंदर उदाहरण आलं आहे. सोकोलोव्ह आणि कार्लटन यांनी आपल्या एका प्रजातीचं नाव ठेवलं ॲनिलायनस डॉकवॉटसोनी. डॉक वॉटसन हे नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले गिटारवादक आणि लोकगायक, लहानपणापासून अंध. त्यांच्याच मुलखातल्या, डोळे नसलेल्या एका जीवाला त्यांचं नाव मिळालं. भुंगेऱ्याचं नाव त्याच्या भूमीशी जोडलेलं असावं असं मला वाटतं, आणि तसं ते इथे आहे.

उलट उदाहरणही याच कुळातलं आहे. स्लोव्हेनियातल्या गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला ऑस्कर शायबेल यांनी १९३७ साली हिटलरचं नाव दिलं. आज त्या नावामुळेच नाझी वस्तू जमवणारे लोक त्याचे नमुने पैसे देऊन विकत घेतात, आणि गुहांतून तो चोरून पकडला जातो. नाव बदलता येत नाही, कारण नियमांनुसार दिलेलं जुनं नाव टिकतं. आयोगाशी संबंधित शास्त्रज्ञांनी २०२३ साली पुन्हा स्पष्ट केलं, की आयोग नैतिक कारणासाठी नावं रद्द करण्याच्या वाटेला जाणार नाही. या भूमिकेमागचा नावांच्या स्थैर्याचा मुद्दा मला पटतो. पण मग नाव देणाऱ्यावरची जबाबदारी किती मोठी आहे तेही यातून कळतं. तो जे नाव ठेवतो ते त्याच्या माघारीही राहतं, आणि त्याची किंमत मोजावी लागली तर ती त्या किड्याला मोजावी लागते.

प्रजातीला नाव मिळालं म्हणून तिचं घर वाचलं असं होत नाही. स्मोकीच्या उंच शिखरांवर फ्रेझर फर नावाची सूचिपर्णी झाडं आहेत. ती फक्त दक्षिण ॲपलेचियनमध्येच वाढतात. युरोपातून आलेल्या माव्यासारख्या एका किडीनं त्यांतली बहुतेक मोठी झाडं मारली. हेमलॉक या दुसऱ्या सूचिपर्णी झाडावर आशियातून आलेली तशीच दुसरी कीड २००२ साली उद्यानात सापडली. झाडं गेली की ऊन थेट जमिनीवर पडतं, शेवाळ आणि पाचोळा सुकतो. ओलीवर जगणाऱ्या भुंगेऱ्याचं घर असं वरून उघडं पडतं. कोणत्या डोंगरावर कोणती प्रजाती होती हे आधी लिहून ठेवलेलं असेल, तरच काय गेलं ते सांगता येतं.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाच्या मनात सह्याद्री येणारच. भारतातल्या कॅराबिडींवर हर्बर्ट अँड्र्यूज यांनी ब्रिटिशकालीन प्राणी-ग्रंथमालेत दोन खंड लिहिले, एक १९२९ साली आणि दुसरा १९३५ साली. दुसऱ्या खंडाच्या शीर्षकात ‘भाग पहिला’ असं आहे. त्याचा पुढचा भाग त्या मालेत कधीच निघाला नाही. पाचोळ्यातल्या लहान भुंगेऱ्यांवर आपल्याकडे काम करायला जागा अजून भरपूर आहे आणि त्यासाठी लागणारी साधनं महाग नाहीत. चाळणी, कापडी पिशवी, नरसाळं, दिवा. सूक्ष्मदर्शक तेवढा चांगला हवा.

कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी पातेरा आणि कवळं जंगलातून गोळा होतात. त्यामुळे गावाजवळच्या रानात पानांचा जाड, जुना थर क्वचितच उरतो. देवराईत तो उरतो, कारण तिथली वाळकी काटकीही न उचलण्याची रीत अनेक गावांनी पाळली आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद केली, तेव्हा मुख्य लक्ष झाडांकडे होतं. त्याच झाडांखालच्या मातीकडे आता पाहायला हवं. आज देवरायांत मंदिरांचे जीर्णोद्धार होतात, फरशा बसतात, आवार झाडून स्वच्छ ठेवलं जातं. भक्तिभावानं होणाऱ्या या झाडलोटीत सगळ्यात आधी जातो तो पाचोळा. गावकऱ्यांशी याविषयी बोलायला हवं, आणि आदरानं बोलायला हवं, कारण हा थर आजवर त्यांनीच राखला आहे.

काम करू इच्छिणाऱ्यांनी कायदाही समजून घ्यावा. राखीव जंगलात आणि अभयारण्यात नमुने गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती सापडली, तर ती नेमून दिलेल्या संग्रहाला कळवावी लागते आणि तिचा नमुना तिथे जमा करावा लागतो. १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे असं एक ठिकाण आहे, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. होलोटाइप घरच्या कपाटात ठेवू नये. कितीही प्रेमानं ठेवला तरी वाळवी, बुरशी आणि पुढची पिढी यांपैकी कुणीतरी त्याला संपवतंच.

विद्यार्थ्यांना एक विनंती. हे पुस्तक वाचून कुणी पाचोळा चाळायला निघालात, तर चिठ्ठी त्याच दिवशी लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जाड कागदावर पेन्सिलनं गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि स्वतःचं नाव लिहा, आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नका, आत टाका.